दोघांचं पॅकेज

मायाग्वेस
३ फेब्रुवारी २०१९

प्रिय प्रोवीताई,

काल तुम्हाला फोन केला, तर तुम्ही "कोण? कसलं तिकीट? मला काही घ्यायचं नाही" म्हणून ठेवून दिलात. तुमचा भाऊ आन्सेल्मो इतका हसला की खुर्चीवरून पडायचाच राहिला. तुमच्या कानांपुढे हात टेकले, म्हणून आता कागद घेतलाय.

बातमी अशी, की आमच्या लेकीनं, इवेलिसनं, ओरलँडोहून आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची भेट पाठवलीय. सान हुआनहून निघणाऱ्या जहाजाची आठवडाभराची केबिन, गोल खिडकीची! १७ मार्चला निघायचं. तुम्ही कितीदा जाऊन आलात, मी एकदाही नाही. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, आता कुणीतरी मला वाढणार म्हटल्यावर मला सुचेनासं झालंय. काय खायचं, कशाचे वेगळे पैसे पडतात, कशाचे नाहीत, सगळं नीट लिहा. दिलेल्या पैशाचं सोनं करावं ते तुम्हीच.

आणि एक गोष्ट. आन्सेल्मोला दारू सोडून आठ वर्षं झाली. तेव्हा डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते तुम्हीही ऐकलंत: यकृत जेमतेम वाचलंय, पुन्हा सुरू केली तर माणूस हाती लागणार नाही. मागच्या मोठ्या वादळानंतर सहा महिने गावात दिवे नव्हते, हा रोज विजेच्या खांबांवर चढून तारा ओढत होता, बरोबरचे लोक काम संपलं की रम काढायचे, तेव्हाही यानं थेंब घेतला नाही. दर गुरुवारी दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जातो, अजून जातो. पण जहाज म्हणजे वळलं की बार, असं इवेलिसच सांगते. मला धाकधूक वाटते.

आणि खरं सांगू? आठ वर्षं मीही घेतलेली नाही, घरात बाटली नको म्हणून. जहाजावर पाय लांब करून रम, अननस आणि नारळाची एक पिन्या कोलादा प्यावी असं फार वाटतंय. तेवढीच. हसू नका.

तुमची,
मिग्दालिया

---

पोन्से
८ फेब्रुवारी

मिग्दा,

हसले. पोटभर हसले. माझ्या भावाला पस्तीस वर्षं सांभाळलंस, तुला तर कोलादाचा हौद बांधून द्यायला हवा. माझा गुडघा अजून कुरकुरतो, डॉक्टर म्हणतो उन्हाळ्यापर्यंत जहाजाचं नाव काढायचं नाही. म्हणजे तू जाणार आणि मी इथं बसून जळणार. असो. नीट वाच.

चढायच्या दिवशी घरून जेवून निघायचं नाही. दुपारीच बंदरावर उभी राहा. सगळे बुफेवर तुटून पडतात, तू खालच्या मोठ्या जेवणघरात जा. तिथं त्या दुपारी टेबलाशी बसवून वाढतात, फुकट, आणि कुणाला पत्ताच नसतो. संध्याकाळी तिथंच. एकच पदार्थ मागवायचा असं कुणी म्हटलेलं नाही. दोन सूप माग, दोन मासे माग, वेटर हसत हसत आणतो. लॉबस्टर असेल त्या दिवशी दुसरा माग, तिसराही माग. उपासाचे दिवस म्हणून फादरची आठवण काढत बसू नकोस, लॉबस्टर हा मासाच. पैसे घेणाऱ्या हॉटेलात जायची हौस असेल तर पहिल्याच दिवशी विचार, टेबलं रिकामी असतात, भाव उतरवतात. पाणी विकत घ्यायचं नाही, रिकामी बाटली घरून ने. इंटरनेट घ्यायचं नाही, तो दिवसाढवळ्या दरोडा आहे. आणि चित्रांचा लिलाव असतो तिथं पुढच्या खुर्चीवर बसायचं. चित्र घ्यायचं नाही, ते शॅम्पेन फिरवतात ती घ्यायची. मी इतक्या लिलावांना बसले, घरात एक फ्रेम नाही.

आता तुझी कोलादा. एकेक सुटी घेतलीस तर लुटतात, वर सेवाशुल्क लावतात. पॅकेज घे. एकदा पैसे भरले की आठवडाभर कार्ड दाखवायचं आणि प्यायचं. पण नियम असा, की एका केबिनमधल्या दोघांनीही घ्यायला हवं. नाहीतर एकाच्या कार्डावर दोघं पितात हे त्यांना ठाऊक आहे. मग घ्या की दोघं! आन्सेल्मोच्या कार्डावर चांगली कॉफी येते, ताजा रस येतो, बिनदारूची कोलादाही येते. त्यानं दिवसभर रस प्याला तरी पैसे फिटतात.

काही लोक काउंटरवर जाऊन सांगतात, आमच्या माणसाला दारू चालत नाही, मग त्याला साध्या सोड्याचं कार्ड देतात. तू तसलं काही करू नकोस. सान हुआनचं जहाज म्हणजे अर्धं पोन्से आणि उरलेलं मायाग्वेस. रांगेत तुझ्या मागं कोण उभं असेल याचा नेम नाही. मी लोकांना सांगत आलेय की आन्सेल्मोला साखरेचा त्रास आहे म्हणून घेत नाही. आई गेली तेव्हा सगळा गाव घरी होता, तेव्हाही तेच सांगितलं. आता एका पेल्यापायी आमच्या घराची अब्रू काउंटरवर मांडायची नाही. ज्याला वादळानं हलवलं नाही त्याला एक कार्ड काय करणार?

प्रोवी

---

मायाग्वेस
२० फेब्रुवारी

प्रिय प्रोवीताई,

इवेलिसनं जहाजवाल्यांना फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी चांगली होती म्हणे. म्हणाली, पहिल्या दिवशी काउंटरवर या, एक वाक्य सांगा, आम्ही पुढचं काही विचारत नाही. इवेलिस माझ्यावर ओरडतेय, "मम्मी, जा आणि सांग, यात लाज कसली?" तिला काय जातंय बोलायला, ती राहते तिथं शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं.

जेवताना मी आन्सेल्मोपुढे विषय काढला. त्यानं चमचा खाली ठेवला. म्हणाला, "म्हणजे आठवडाभर गळ्यात पाटी घालून फिरू? दारुड्याची?" ते कार्ड वेगळं दिसतं ना, बारवाल्याला कळतं, शेजारी उभा असेल त्यालाही कळतं. मग त्यानं माझा हात धरला. "मिग्दा, माझ्यामुळे तू आठ वर्षं कोरडी राहिलीस. घे दोघांचं. मी रस पितो. का, तुझा विश्वास नाही माझ्यावर?"

आता यावर बायकोनं काय म्हणायचं? मी म्हटलं, आहे. इवेलिसला पैसे भरायला सांगितले. दोन दिवस तिनं टाळलं, मग भरले.

पण ताई, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, "आहे" म्हणताना मी त्याच्याकडे न बघता ताटं उचलायला लागले. अजून रद्द करता येतं. तुम्ही नको म्हणालात तर तो ऐकेल, तुमच्या शब्दापुढं तो जात नाही. लवकर कळवा.

मिग्दालिया

---

पोन्से
२४ फेब्रुवारी

मिग्दा,

रद्द? भरलेले पैसे? डोकं ठिकाणावर आहे ना? नवऱ्याला तोंडावर "विश्वास आहे" म्हणायचं आणि मागून जाऊन त्याचं कार्ड बदलून आणायचं! माझ्या भावाला ते जन्मात पचणार नाही.

तुझी भीती घालवायची युक्ती सांगते. एका कार्डावर एका वेळी एकच पेला मिळतो. म्हणजे तुझ्या कार्डावर तुझा एक, आणि तो त्याच्या कार्डावर आणेल तोही तुझाच. तो आणून देईल, तू पिशील, तो बसून समुद्र बघेल. माझे हे होते तेव्हा आम्ही हेच करायचो, फक्त उलटं: आणायची मी, प्यायचे हे. नियमात बसत नाही, पण बारवाल्याला काय त्याचं. अशानं दोन्ही कार्डं वसूल होतात, आणि त्याच्या हातातला पेला तुझ्या डोळ्यांसमोर राहतो. आणखी काय हवं तुला?

टोपी ने. डेकवर वारा फार असतो.

प्रोवी

---

जहाजावरून
२२ मार्च

प्रिय प्रोवीताई,

हे पत्र उद्या सेंट थॉमसला टाकीन, तिथं आपलंच तिकीट चालतं. उरलेलं घरी गेल्यावर, पण मला राहवेना.

अहो, काय हे! पहिल्या दुपारी तुम्ही सांगितलेल्या जेवणघरात गेलो तर चार टेबलं भरलेली, बाकी सगळं आमचंच. लॉबस्टर मी तीन खाल्ले. तिसऱ्याला वेटर मला म्हणाला, "सिन्योरा, स्वयंपाकघरातले तुमची चौकशी करतायत." तो होंडुरासचा आहे, मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटतं. इथं कुणी मला ऊठ म्हणत नाही, वाढ म्हणत नाही. लिलावालाही बसले, पण शॅम्पेन मला आंबट लागली.

आणि तुमचा भाऊ! तो तर डेकचा राजा झालाय. पोहायच्या तलावाजवळ डॉमिनोचं टेबल आहे, तिथं कागुआसचे तिघे भाऊ भेटले, मोठ्या ग्रुपनं आलेत. सकाळी कॉफी झाली की हा जो जाऊन बसतो तो जेवायलाच उठतो. त्या तिघांनी पॅकेज घेतलेलं नाही. मग हा काय करतो, आपल्या कार्डावर त्यांच्यासाठी पेले आणतो. बारवर जातो, एक आणतो, थोड्या वेळानं दुसरा. मला म्हणाला, "प्रोवीची युक्ती आहे, एक थेंब वाया जाऊ देत नाही." मी तिकडे फारशी जात नाही, पुरुषांच्या टेबलाशी बायका काय करणार? मी माझ्या खुर्चीवर, माझी एक कोलादा घेऊन. तीसुद्धा पुरी संपत नाही, अर्धी झाली की डोळे मिटतात.

जहाजाच्या रोजच्या पत्रकात चार वाजता दारू सोडलेल्यांची बैठक असते, छोट्या खोलीत. मी त्याला दाखवलं. म्हणाला, नेमकी डॉमिनोची वेळ आहे, घरी गेल्यावर गुरुवार आहेच.

सकाळी जरा उशिरा उठतो. सारखी पेपरमिंट चघळतो, म्हणतो बोटीनं मळमळतं. पण हसतो किती, ताई! काल जेवताना त्यानं अख्ख्या टेबलाला गाणं म्हणून दाखवलं. लग्नाच्या वेळचा आन्सेल्मो परत मिळाला मला. मी उगीच घाबरत होते. तुम्ही होतात म्हणून पैसे भरले गेले, नाहीतर मी माझ्या भित्रेपणात सगळ्यावर पाणी फिरवलं असतं.

तुमची आनंदात असलेली,
मिग्दालिया

---

पोन्से
१ एप्रिल

मिग्दा,

बघ! मी काय म्हटलं होतं? तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेजारच्या एनेइदालाही ऐकवलं, अर्थात ती बैठक-बिठक गाळून. म्हणाली, "तुझी भावजय वसूल करायला शिकली." तीन लॉबस्टर! पहिल्याच खेपेला! मला तीनवर जायला चार खेपा लागल्या.

आता घरी येऊन आठवडा झाला, तुझं पुढचं पत्र नाही. झोपा काढतेस वाटतं. पुढच्या वर्षी तिघं जाऊ, नेहमी जाणाऱ्यांचं माझं कार्ड सोनेरी आहे, तुम्हाला खोलीत फळं फुकट मिळवून देईन.

प्रोवी

---

मायाग्वेस
१२ एप्रिल

प्रोवीताई,

पत्र लिहायला बसते आणि फाडते, असं चाललंय. आता तो तुमच्याकडे आलाय म्हणून लिहायलाच हवं.

शेवटच्या संध्याकाळी लिफ्टपाशी एक बाई भेटली. लांब स्कर्ट, ओठांना रंग नाही, हातात बायबल. त्या डॉमिनोवाल्यांपैकी थोरल्याची बायको. मला म्हणाली, "तुमचे मिस्टर फार दिलदार. रोज आमच्या माणसांना विचारतात, काय आणू? पण आम्ही पेंटेकोस्टल पंथाचे, आमच्यात दारूला कुणी शिवत नाही. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतोय, सिस्टर." म्हणजे तिला कळलं होतं. अख्ख्या टेबलाला कळलं होतं. ते तिघे समोर बिनदारूचा माल्टा पीत बसायचे आणि हा एकामागून एक पेले आणायचा, आपल्यासाठी.

केबिनमध्ये विचारलं, तर त्यानं नाकारलं नाही. रडला. पहिल्या दिवशी माझ्यासाठी पेला घेऊन आला, मी खुर्चीत झोपलेली. बर्फ वितळत होता. वाया जाईल म्हणून तोंडाला लावला. मला म्हणतो, "पैसे भरलेले होते, मिग्दा." ताई, मी त्याला मारलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हात उचलला, आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

जहाजावरून उतरलं की दारू थांबेल असं वाटलं होतं. नाही थांबली. बैठकीला जातो सांगून गेला तो गेलाच नव्हता, ट्रकच्या हत्यारांच्या पेटीत बाटली ठेवतो. मी ती मोरीत ओतली. त्यावरून इतकं भांडण झालं की तो पिशवी भरून निघाला. इवेलिस म्हणते, जाऊ दे त्याला. मी नाही म्हणू शकत.

आता एकच मागते. त्याच्या डोळ्यांकडे बघत जा. पांढऱ्या भागाला पिवळी झाक दिसली, पोट फुगलेलं दिसलं, की विचार करत बसू नका, उचलून हॉस्पिटलात न्या आणि तिथं खरं सांगा, दारू पितो म्हणून सांगा. त्याशिवाय त्यांना नीट उपचार करता येत नाहीत. वाट बघितली तर तो जाईल, ताई. मला लगेच कळवा.

मिग्दालिया

---

पोन्से
१६ एप्रिल

मिग्दा,

तुझं पत्र वाचून माझं डोकं सुन्न झालं. तो गेल्या आठवड्यात दारात उभा राहिला, दाढी वाढलेली, मी म्हटलं आधी आंघोळ कर. मागच्या खोलीत ठेवलंय. तुरीचा भात केला, दोनदा वाढून घेतला.

माझ्या घरात तो पीत नाही. एखादी बियर घेतली असेल कोपऱ्यावर, बियरला काय कुणी दारू म्हणतं? एकदम सोडलं तर अंग थरथरतं, म्हणून मीच म्हटलं, एक घे आणि घरी ये. बाहेरच्यांना मी सांगितलंय की ईस्टरआधी माझं घर रंगवायला आलाय. ब्रश आणून दिलाय हातात.

तूही जरा शांत राहा. पवित्र आठवडा आहे, घरात माणसांची ये-जा आहे. माणसाला सतत "डोळे दाखव, पोट दाखव" केलं तर तो आणखी बिथरतो.

प्रोवी

---

मायाग्वेस
१८ एप्रिल

प्रोवीताई,

बियर म्हणजे दारूच! तुमच्या पायांवर डोकं ठेवते, एकही देऊ नका. थरथर होत असेल तर त्यालाही हॉस्पिटलच लागतं.

पोन्सेतही गुरुवारची बैठक असते, तुमच्याच चर्चच्या मागच्या खोलीत. त्याला न्या. तो एकटा आत जाणार नाही, दारापर्यंत तुम्ही चला.

डोळ्यांचं तुम्ही लिहिलंच नाहीत. डोळे कसे आहेत? मी रविवारी येते. किंवा तुम्ही सांगाल त्या दिवशी येते. तो मला बघून पळून जाईल ही भीती आहे, म्हणून विचारते, नाहीतर आत्ताच निघाले असते.

मिग्दालिया

---

पोन्से
२३ एप्रिल

मिग्दा,

आत्ताच येऊ नकोस. तुझं नाव काढलं की तो उठून मागच्या अंगणात जातो. लाजलाय. तू दारात दिसलीस तर कुठं निघून जाईल आणि मग कुठं शोधायचं?

माझ्याच चर्चच्या मागच्या खोलीत मी माझ्या भावाला घेऊन जाऊ? अगं, तिथं बाहेर जपमाळेच्या बायका बसतात. त्यापेक्षा पुढच्या महिन्यात त्याला सान हुआनला नेते, तिथं ओळखीचं कुणी नाही.

डोळे जरा पिवळसर वाटतात, पण मागच्या खोलीतला दिवाच तसा आहे, त्यात मीसुद्धा पिवळी दिसते. भूक कमी आहे. कोंबडीची पातळ पेज देतेय, आई द्यायची तशी. पोट गॅसनं फुगलंय. पुदिन्याचा चहा चालू आहे. काळजी करू नकोस, तो माझा भाऊ आहे, मी काय त्याचं वाईट होऊ देईन?

प्रोवी

---

पोन्से
२४ मे

मिग्दालिया,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या घशात अडकलंय ते कुठंतरी टाकायला हवं.

माझा भाऊ मातीत जाऊन दोन आठवडे होत नाहीत, आणि नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या शेवटच्या दिवशी, माझ्या दिवाणखान्यात, माझ्या शेजाऱ्यांसमोर, फादर अजून खुर्चीत बसलेले असताना तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आन्सेल्मोचं हृदय बंद पडलं नाही. तो दारू पीत होता. यकृत गेलं." बायकांच्या हातातले गरम चॉकलेटचे कप हातातच राहिले. एनेइदानं मान खाली घातली. मी सगळ्यांना हृदय सांगितलं होतं, फादरना हृदय सांगितलं होतं.

काय मिळालं तुला? तो परत आला? मेलेल्या माणसाचं नाव तरी स्वच्छ राहू द्यायचं होतंस. तू रागानं बोललीस, मला शिक्षा करायला बोललीस, आणि झळ लागली त्याला.

प्रोविदेन्सिया

---

मायाग्वेस
२८ मे

प्रोवीताई,

हो, राग होता. आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तुम्ही मला बोलावलंत तेव्हा तो रक्त ओकत होता. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागद दाखवला, त्यावर आणताना सांगितलेलं लिहिलं होतं: पोटाचा अल्सर, रुग्ण मद्य घेत नाही. तुम्ही तिथंही नाही सांगितलंत. मी सांगितलं तेव्हा त्या बाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "तीन आठवडे आधी आणायला हवं होतं, सिन्योरा." तीन आठवडे आधी तो तुमच्या त्या दिव्याखाली बसला होता आणि तुम्ही त्याला पुदिन्याचा चहा देत होतात.

पण सगळं तुमच्यावर ढकलत नाही. तसं करता आलं असतं तर मला झोप तरी लागली असती. जहाजावर चढलो त्या दिवशी मी काउंटरपर्यंत गेले होते, तुम्हाला सांगितलं नाही. मागं कुणीही नव्हतं. मुलगी हसून म्हणाली, "बोला, काय मदत करू?" मी टॉवेल कुठं मिळतात ते विचारलं. आणि परत आले.

म्हणून मी उभी राहिले. शिक्षा नव्हती ताई, तुम्हाला नाही, त्याला तर नाहीच. मला ते एकदा तोंडातून बाहेर काढायचं होतं. तो दिलदार होता, भित्रा होता, खांबावर चढायला घाबरायचा नाही आणि माणसांना घाबरायचा, आणि त्याला दारूचा आजार होता. हे सगळं मिळून माझा नवरा होता. अर्धाच पुरून मला घरी जायचं नव्हतं.

इवेलिस मला ओरलँडोला बोलावतेय. महिनाभर जाईन. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजेन.

मिग्दालिया

---

पोन्से
१२ जून

मिग्दा,

तुझं पत्र आल्यापासून मी कुणाला दार उघडलं नाही. लोकांना वाटलं कान अजून बिघडले.

आज कबरस्तानात जायला निघाले. फाटकाशी ती फुलं विकते ना, तोमासिता, आमच्याच गल्लीतली, तिच्यापाशी थांबले. म्हणाली, "ऐकून वाईट वाटलं गं आन्सेल्मोचं. हृदय ना?" नेहमीसारखं "हो" म्हणून पैसे द्यायचे होते. तोंडातून आलं, "नाही. दारू." मला वाटलं आता जमीन फाटेल.

ती फुलं बांधता बांधता थांबलीसुद्धा नाही. काहीतरी पुटपुटली, मग मला ऐकू आलं नसेल असं वाटून माझ्या कानाशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "माहीत आहे गं! आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तो तरुण होता तेव्हापासून. तुला आवडत नाही म्हणून आम्ही आपलं साखर म्हणायचो, आता हृदय म्हणतो." मागं दोन बायका उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली. एकीचा मुलगा त्याच खोलीत जातो दर गुरुवारी, चर्चच्या मागच्या. म्हणाली, "आम्ही वाट बघत होतो तू कधी घेऊन येतेस त्याची."

मी घरी येऊन मागच्या खोलीत बसलेय. मिग्दा, जायच्या आधी एकदा ये. मला तुझ्याशिवाय कुणापुढं रडता येत नाही. कुणालाच नवीन नव्हतं गं. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी मी त्याला हात धरून भर रस्त्यातून हॉस्पिटलात नेलं असतं, तर गल्लीतल्या एकानंही विचारलं नसतं कशासाठी.

प्रोवी